काटा नव्वदवर होता

माझा पाय बघायला आमच्या घरी माणसं यायची. आता येत नाहीत फारशी. का येत नाहीत, ते सांगतो.

अपघात होऊन मी दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा कुठल्याही घरी येतात तशी माणसं आली. नातेवाईक, शेजारी, वडिलांच्या दुकानातली नेहमीची गिऱ्हाइकं. केळी आली, बिस्किटांचे पुडे आले. उजव्या मांडीत सळई, गुडघा वाकायचा बंद झालेला, वरचे पुढचे चार दात गेलेले. माणसं बघायची, हळहळायची, चहा घेऊन जायची. महिन्याभरात तीही गर्दी ओसरली.

मग दुसऱ्याच तऱ्हेची माणसं यायला लागली. ज्यांच्या घरात नवी गाडी आली होती, किंवा गाडीसाठी ज्यांचा पोरगा दोन दिवस जेवला नव्हता, असे आईबाप. पोराला दंडाला धरून आणायचे. पहिल्यांदा आल्या त्या आमच्याच गल्लीतल्या एक काकू. कॉलेजात गेलेल्या मुलाला दारातून आत ढकलत म्हणाल्या, "दाखव रं बाळा जरा पाय. बघू दे ह्याला. लई मस्ती आलीया."

आईला यात काही वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, "आपलं व्हायचं ते झालं. दुसऱ्याचं पोरगं वाचलं तर पुण्यच हाय."

मला मात्र पहिल्या वेळी फार अवघड वाटलं. मी बर्मुडा मांडीपर्यंत वर ओढली. व्रण कमरेच्या खालून निघून गुडघ्याला वळसा घालून जातो. त्या पोरानं बघितलं आणि तोंड फिरवलं. काकू समाधानानं उठल्या. त्या गेल्यावर मी बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडलो होतो.

पण माणसाला कशाचीही सवय होते. चार-पाच घरं येऊन गेल्यावर मला ते जमायला लागलं. इतकं जमायला लागलं की मी वाट बघायला लागलो. दिवसभर कॉटवर पडून करायचं तरी काय? कुणी आलं की मी उठून बसायचो, उशी पाठीला लावायचो आणि सुरू करायचो. वडिलांचं शाहूपुरीत बेल्ट-बेअरिंगचं दुकान. पेठ वडगावच्या बाजूला एका गुऱ्हाळाचा बेल्ट तुटलेला, काहिलीत रस तसाच पडलेला, मालकाचा फोनवर फोन. मी बेल्ट घेऊन निघालो. घाईत होतो. इथं जरा थांबायचो. मग, "आणि एकदम कुत्रं आडवं आलं." आईबाप चक् चक् करायचे. मी पाय दाखवायचो. आणि अगदी शेवटी खोटे दात काढून तळहातावर ठेवायचो. त्यानं हमखास काम व्हायचं. एक मुलगी तर रडायलाच लागली होती.

पोरं एकच प्रश्न विचारायची. आईबापांसमोर दबकत, पण विचारायची. "स्पीड किती हुता?"

दवाखान्यात मी शंभर सांगितलं होतं. घरी आल्यावर ते एकशे वीस झालं. मग एकदा एका पोरानं एकशे वीस ऐकून नुसतं "हं" केलं, तेव्हापासून एकशे चाळीस. एकशे चाळीस म्हटलं की पोरांच्या तोंडावर काहीतरी यायचं. आईबापांना वाटायचं ती भीती आहे. मला माहीत होतं ती भीती नव्हती. आणि ते बघून मला बरं वाटायचं. वाकत नसलेला गुडघा घेऊन मी कॉटवर बसलेलो असायचो, लघवीला जायला आईचा खांदा लागत होता, आणि मला बरं वाटायचं.

मग एका रविवारी राधानगरीकडचे एक पाहुणे आले. पाहुणे म्हणजे नात्यातले नव्हेत. वडिलांच्या दुकानात कडबाकुट्टीचा बेल्ट न्यायला यायचे, तेवढीच ओळख. म्हशी, थोडा ऊस, थोडं भात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती, विशीतली. मला वाटलं, पोरगा खाली गाडी लावत असेल.

"पोरगा?" मी विचारलं.

"पोरगा मिल्ट्रीत हाय," ते म्हणाले. "हिला आणलीया. भावाची गाडी हिनं घेतलीया. रोज गावाकडनं कोल्हापूरला कॉलेजला येती. पावसात, धुक्यात, सोडती अशी सोडती की बघणाऱ्याचं काळीज हालतंय. चार माणसं येऊन सांगून गेली मला. सांगा जरा तुमीच."

खुर्चीत बसून तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. बाकीची पोरं आधी पायाकडं बघायची. हिनं तोंडाकडं बघितलं.

मी नेहमीचं सांगितलं. गुऱ्हाळ, काहील, बेल्ट, कुत्रं. पाय दाखवला. तिनं खाली वाकून व्रण नीट बघितला, एखादी वस्तू विकत घेण्याआधी बघावी तसा. मी दात काढले. तिच्या वडिलांनी तोंडाला रुमाल लावला. तिनं दातही बघितले.

"गाडी कुठली हुती, दादा?" तिनं विचारलं.

मी सांगितली. साधी दीडशे सीसीची, वडिलांनी दुकानासाठी घेतलेली.

"स्पीड?"

"एकशे चाळीस."

तिनं माझ्या हातातल्या दातांकडं परत एकदा बघितलं. मग म्हणाली, "त्या गाडीला एकशे चाळीस पडत न्हाय, दादा."

तिचे वडील म्हणाले, "अगं, काय बोलायलीस?"

"न्हाय पडत, बाबा. भावाची ह्याच्या आधीची तीच हुती. उताराला झोपून चालवली तरी एकशे पंधराच्या वर काटा जात न्हवता. आणि ह्यास्नी मागं बेल्टचं वझं हुतं म्हणतात." मग माझ्याकडं वळून, आवाज न चढवता, "खरा किती हुता?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. दात अजून माझ्या तळहातावर होते. दात हातात घेऊन बसलेला माणूस खोटं रेटू शकत नाही. निदान मला तरी ते जमलं नाही. मी दात घातले आणि म्हणालो, "नव्वद."

"नव्वद?"

"नव्वदच. काटा बघितलेला मी."

"आणि कुत्रं?"

हे तिनं का विचारलं, मला माहीत नाही. एक गोष्ट खोटी निघाली की माणूस दुसरीही हलवून बघतो, तसं असेल. मी म्हणालो, "कुत्रं न्हवतं."

आणि मग सगळंच बोलून टाकलं. हायवे सोडून वडगावकडं वळलो तेव्हा मी साठ-पासष्टनं चाललो होतो. घाई होती, पण अशी काही नव्हती. गुऱ्हाळवाल्याला मी तासाभरात येतो म्हणालो होतो आणि तासातला अजून बराच वेळ शिल्लक होता. हेल्मेट कोपरात अडकवलेलं. एवढ्यात उजवीकडनं एक स्कूटर पुढं गेली. चाळिशीची बाई, तोंडाला स्कार्फ, पायाशी भाजीची पिशवी, पिशवीतनं कोथिंबीर बाहेर आलेली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हॉर्न नाही, काही नाही. नुसती पुढं निघून गेली.

मला ते खपलं नाही. एवढंच कारण. मी गाडीची मूठ पिळली. वळणावर तिला मागं टाकलं, आणि टाकताना मान वळवून बघितलं, ती माझ्याकडं बघते का ते. मान सरळ केली तर पुढं पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी. तिच्याभोवती धोंडे लावलेले, रस्त्यावर उसाचं वाडं, म्हणजे हिरवे शेंडे, सांडलेलं. ब्रेक दाबला आणि त्या ओल्या वाड्यावरनं गाडी माझ्या खालून निघून गेली.

मी थांबलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला होता. मुलीच्या तोंडाचा रंग उतरला होता. दातांनी जे झालं नाही, ते आता झालं होतं.

"नव्वदला एवढं?" ती हळू म्हणाली. "नव्वदनं तर मी रोज जातो."

तेव्हा मला कळलं, मी इतके दिवस काय करत होतो ते. एकशे चाळीस ऐकून प्रत्येक पोरगं मनात म्हणत असणार, आपण कुठं एवढं पळवतो? आणि सुटल्यासारखं होऊन घरी जात असणार. मी कुणालाही भीती घातली नव्हती. मी सगळ्यांना सवलत देत होतो.

मी मान वर केली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आई दिसली. हातात चहाचा ट्रे. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. ती पुढं आली, सगळ्यांसमोर कप ठेवले, पाहुण्यांना म्हणाली, "घ्या की चहा, निवंल." माझा कप मात्र तिनं माझ्या हातात दिला नाही. स्टुलावर ठेवला.

पाहुणे गेल्यावर ती कॉटच्या पायथ्याशी बसली.

"कुत्रं न्हवतंच?"

"न्हाय."

आमच्या गल्लीत एक पिवळं कुत्रं होतं. मी लहान असल्यापासून त्याला, आणि त्याच्या आधी त्याच्या आईला, आमच्या घरची शिळी भाकरी मिळायची. माझ्या अपघातानंतर आईनं ती बंद केली होती. दारात आलं की ती त्याच्यावर पाणी फेकायची. मी कॉटवरून ऐकायचो, ते केकाटत जायचं, आणि मी काही बोलायचो नाही.

"मुक्या जिवाला हाडहाड केली मी," आई म्हणाली. "तुज्यासाठी." एवढंच. ओरडली नाही. आमची आई ओरडली की चार घरांना ऐकू जातं. त्या दिवशी ती इतकं हळू बोलली की मला तिनं कानाखाली मारलेली चालली असती.

वडिलांना तिनं रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. माझ्या दुखण्यात ते दुकानात येईल त्याला सांगत होते, माझा पोरगा धंद्यासाठी जीव टाकून पळत होता म्हणून. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "गिऱ्हाइकास्नी आता काय सांगू मी?" आणि उरलेलं जेवले नाहीत.

दोन दिवसांनी आई म्हणाली, "आवर. वडगावला जायाचं."

मला समजलं कुणाकडं ते. रस्त्यावर मी पडलो तेव्हा सगळ्यात आधी जी माझ्याजवळ आली, ती तीच स्कूटरवाली बाई होती. माझ्या मागंच होती, दुसरं कोण येणार? तिनं तोंडाचा स्कार्फ सोडून माझ्या मांडीला घट्ट बांधला, माझं डोकं मांडीवर धरलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या घालून थांबवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, आईला फोन केला. दवाखान्यातही एकदा येऊन गेली. आईनं तिला कितीदा तरी फोन केला होता. मी एकदाही बोललो नव्हतो. आईनं फोन पुढं केला की मी झोपल्याचं सोंग घ्यायचो.

एसटीनं गेलो. माझा पाय सरळ राहतो, म्हणून कंडक्टरनं पुढची सीट दिली. आई रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती.

बाईंचं घर छोटं, दारात तुळस, आत शिलाई मशीन. आम्हाला बघून त्या इतक्या हरखल्या की मला पळून जावंसं वाटलं. "या की पावणं! चालाय लागला की वो ह्यो!" शेजारच्या दोघीतिघी आल्या. त्यांना सगळी गोष्ट पाठ होती. "ह्योच व्हय त्यो? किती रगत गेलतं म्हणं." इथंही मी बघण्याचीच वस्तू होतो, पण इथली गोष्ट बाईंची होती. कसा मी आई आई करत होतो, कसं त्यांनी रस्त्यात आडवं होऊन ट्रकवाल्याला थांबवलं. त्या सांगत होत्या आणि त्यांच्या तोंडावर खरं समाधान होतं. समोर भडंगाची ताटली होती. आई माझ्याकडं बघत होती.

शेजारणी गेल्यावर मी सांगितलं. मान खाली घालून, भडंगातले शेंगदाणे एका बाजूला करत सांगितलं. तुम्ही पुढं गेलात, मला खपलं नाही, तुम्हाला मागं टाकायला मी गाडी पिळली.

"मी तुझ्या पुढं गेलतो?" बाई म्हणाल्या. त्या आठवायला लागल्या. "मला तर कायच आठवंना. पोरांची ट्यूशन सुटायची येळ झालती. माझ्या डोक्यात तेवढंच." मग त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. "म्हंजे मी त्या वक्ताला तिथं नसतो, तर तू पडला नसतास."

"तसं न्हवं..."

"तसंच की." त्यांनी हात पदरात घेतले. मघाचा सगळा उजेड त्यांच्या तोंडावरून गेला होता. "मला वाटत हुतं, देवानं मला तिथं धाडलं. तुला वाचवाय."

आई घाईनं म्हणाली, "अवो, ह्याच्या बुद्धीला तुमी काय करणार? ह्याला वाट सोडून बसायचं हुतं व्हय तुमी?"

पण बाई माझ्याकडंच बघत होत्या. "मला कशाला सांगितलंस रं?" असं त्यांनी विचारलं. रागानं नव्हे. खरंच कळत नसल्यासारखं.

मी हलका व्हायला गेलो होतो, आणि माझं ओझं उचलून मी त्यांच्या घरात ठेवलं होतं. परत येताना एसटीत आई म्हणाली, "चुकलं माझंच. न्यायाच नगं हुतं तुला." मला त्या घरात दात हातावर घेऊन बसल्यापेक्षा जास्त लाज वाटली होती, आणि ती कुठं ठेवायची हे मला कळत नव्हतं. माफी मागायला गेलेला माणूस परत जाऊन त्या माफीची माफी कशी मागणार?

पंधरवड्यानंतर त्यांचाच फोन आला. आईला नव्हे, मला. मी घेतला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "चार रात्री झोपलो न्हाय मी तुझ्यामुळं. हापिसला जाताना स्कूटर चालवू वाटंना. मागनं कोण आलं की मी बाजूला व्हायाचो. मग काल गाडी लावताना डोक्यात आलं, मी कशापायी बाजूला हू? मी काय केलं? बाई पुढं गेल्याली तुला खपली न्हाय, ही तुझी खोड. मी माझ्यावर घेणार न्हाय. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

"मोठ्यानं म्हण."

"माझीच चूक हाय. तुमची न्हाय."

"हां. आता गुडघ्याचा व्यायाम करतोस का न्हाय?"

मग बराच वेळ त्यांनी मला गुडघ्यावरून झापलं. मी ऐकून घेत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आई चपात्या लाटता लाटता बघत होती.

त्यानंतरही लोक पोरांना घेऊन येत होते. पण आता गोष्ट आई सांगायची. मला तोंड उघडूच द्यायची नाही. "कुत्रं न्हाय, मांजर न्हाय," ती म्हणायची, "एक बाई भाजी घिऊन पुढं गेली, म्हणून ह्याला राग आला. नव्वदवर पडला." पोरं हसायची. खरोखर हसायची, माझ्या तोंडावर. एकदा एका पोरानं बाहेर पडता पडता मित्राला सांगितलेलं मी खिडकीतून ऐकलं, "लेडीजनं कट मारला म्हणून पडलंय येडं." त्या हसण्यानं कुणी गाडी हळू चालवायला लागलं का, मी सांगू शकत नाही. पण एकशे चाळीस असताना पोरांच्या तोंडावर जे यायचं, ते परत कधी दिसलं नाही. आईबापांनाही या गोष्टीत पूर्वीसारखी मजा राहिली नसावी. हळूहळू येणं थांबलं.

राधानगरीचे पाहुणे मध्ये दुकानात आले होते. मी आता तिथं गल्ल्यावर बसतो. मी मुलीचं विचारलं.

"चालवती की अजून," ते म्हणाले.

"हळू?"

"माझ्यासमोर हळू." बेल्ट खांद्यावर टाकत ते म्हणाले, "माझ्या माघारी कुणाला दिसती?"

गाडी मला चालवता येत नाही, येणारही नाही. सकाळी आई मला स्कूटरवरून दुकानात सोडते. पाय सरळ ठेवायचा असल्यानं मी मागं एका बाजूला बसतो, बायका बसतात तसा. आई पंचवीसनं चालवते. रिक्षा पुढं जातात, दुधाच्या किटल्या लावलेले म्हातारे पुढं जातात, शाळेची पोरं सायकलवरून पुढं जातात. परवा स्टेशनच्या सिग्नलनंतर एक मुलगी आम्हाला घासून पुढं गेली, आणि माझ्या लक्षात आलं, मांडीवर ठेवलेली माझी उजवी मूठ आपोआप मागं पिळली जात होती. सावकाश, पूर्ण शेवटापर्यंत.

मी हात खिशात घातला.